गावाचा हौद, शाळेचा तास



मागच्या आठवड्यात परिसर अभ्यासाचा तास चालू होता. मी फळ्यावर 'पाण्याचे उपयोग' असे लिहिले आणि एकेकाला विचारू लागलो. पिण्यासाठी, ओलितासाठी, कपडे धुण्यासाठी, गुराढोरांसाठी अशी उत्तरे आली. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "गुरुजी, पवाले!" सारा वर्ग हसला. मी त्यालाच उभे केले. "तुला येते का पवता?"

"नाही जी. घरचे नदीवर जाऊ देत नाहीत. शाळेत काहून नाही शिकवत?"

तास संपला, पण त्याचा प्रश्न काही संपला नाही. शाळेत लिहायला शिकवतात, वाचायला शिकवतात, रस्ता कसा ओलांडावा हेही शिकवतात. मग पोहणेच का नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे वाचले, जो हिशोब केला, तो भित्तिपत्रकाच्या या अंकात तुमच्यापुढे ठेवतो. मोठ्या माणसांनीही जाता-येता वाचावा.

१. आधी माझी गोष्ट

मी चौथीत होतो. आमचे गाव नदीकाठचे. उन्हाळ्यात नदी आटायची, पण वळणावरच्या डोहात पाणी राहायचे. एका दुपारी आम्ही पाच-सहा जण म्हशी घेऊन डोहावर गेलो. माझ्या शेजारी बसणारा माझा सोबती म्हशीची शेपटी धरून पाण्यात उतरला. मध्येच शेपटी त्याच्या हातून सुटली. तो ओरडला नाही. त्याचे हात दोनदा वर आले. आम्हाला वाटले, गंमत करतो आहे.

आमच्यातल्या एकालाही पोहता येत नव्हते. म्हशी वळायची लांब काठी काठावरच पडली होती. ती पुढे करावी, हे कोणालाच सुचले नाही. मी गावाकडे पळत सुटलो. मोठी माणसे आली तोवर उशीर झाला होता.

त्या दिवसापासून गावाने एकच धडा घेतला. पोरांना नदीवर पाठवायचे नाही. आजीने माझ्याकडून शपथ घेतली आणि मी ती पाळली. म्हणून मला आजही पोहता येत नाही. हे सांगायला मला लाज वाटते, पण खरे ते सांगितले पाहिजे. गावाने घेतलेला धडा अर्धाच होता. पोरांना पाण्यापासून दूर ठेवता येते, पण पाणी काही गाव सोडून जात नाही.

२. बुडणे किती मोठे संकट आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. त्यांत १५ वर्षांखालील मुले चाळीस टक्क्यांहून जास्त होती. आपल्या देशात बुडून मरणाऱ्यांची संख्या दर वर्षी ३० हजारांच्या वर असते. या संकटाकडे सर्वांचे लक्ष जावे म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ साली ठराव केला आणि २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस म्हणून ठरवला.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असते, श्वास घ्यायलाच वेळ मिळत नाही, मग ओरडणार कसा? हात पाण्यावर आपटतात आणि थोड्या वेळात सारे शांत होते. काठावरचे लोक समजतात, पोरगा खेळतो आहे. आमचेही तसेच झाले.

३. आपल्या तालुक्यातले पाणी

आता आपल्या संग्रामपूर तालुक्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. उत्तरेला सातपुडा. त्यातून वान नदी आणि लहानमोठे नाले खाली उतरतात आणि दक्षिणेला पूर्णेकडे जातात. डोंगरात जोराचा पाऊस झाला की आपल्या डोक्यावर ऊन असतानाही नदीला पूर येऊ शकतो. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांत अतिवृष्टी झाली, तेव्हा पाणी घरात शिरले ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. त्या दिवशी आपण पाण्याकडे गेलो नव्हतो, पाणीच आपल्याकडे आले होते.

पुराच्या पाण्यात चांगला पोहणाराही हरतो, म्हणून पोहता येते या भरवशावर पुरात कधीच उतरायचे नाही. पण पाय घसरून नाल्यात पडलेल्या मुलाला दोन मिनिटे तरंगता आले, तर कोणीतरी दोर टाकेपर्यंत तो टिकून राहतो. एवढा फरक पोहण्याने पडतो.

पूर्वी मुले विहिरीत पोहायला शिकत. बाप नाहीतर मामा पाठीला रिकामा, झाकण पक्के लावलेला डबा बांधून देई, किंवा वाळलेला भोपळा देई, आणि स्वतः पायरीवर उभा राही. आता पायऱ्यांच्या विहिरी कमी झाल्या, पाणी खोल गेले, आणि मामालाही वेळ नाही. त्यांच्या जागी शेततळी आली. शेतीला ती फार उपयोगी आहेत, यात शंका नाही. पण ज्या शेततळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, त्याची उतरती बाजू ओली झाली की तेल लावल्यासारखी निसरडी होते. आत पडलेल्याला बाहेर चढता येत नाही, मग पोहता येत असो की नसो. ज्यांच्या शेतात असे तळे आहे त्यांनी घरी सांगावे की भोवती कुंपण करा आणि चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर खुंट्यांना बांधून आत सोडून ठेवा. हा खर्च फार थोडा आहे.

४. दुसऱ्यांनी काय केले?

हा प्रश्न आपल्याच गावापुढे आहे असे नाही. जपान देशात ११ मे १९५५ रोजी 'शिउन मारू' नावाची प्रवासी बोट दुसऱ्या जहाजावर आदळून बुडाली. १६८ माणसे मेली. त्यांत सहलीला निघालेली १०० शाळकरी मुले होती. त्याच वर्षी जुलैत त्सू या गावी समुद्रात पोहण्याच्या सरावासाठी गेलेल्या एका शाळेच्या ३६ मुली बुडाल्या. साऱ्या देशाने शोक केला. पण 'मुलांना पाण्याजवळ नेऊ नका' असे म्हणून जपान थांबला नाही. तिथल्या प्राथमिक शाळा नगरपालिका आणि गावपालिका चालवतात. त्यांनी सरकारी अनुदान घेऊन शाळांच्या आवारात पोहण्याचे तलाव बांधले, आणि पुढच्या काही दशकांत बहुतेक शाळांत पोहणे हा अभ्यासाचा भाग झाला.

आता ते तलाव जुने झाले आहेत, दुरुस्तीचा खर्च वाढला आहे. म्हणून तिथल्या कित्येक नगरपालिका चार-पाच शाळांना मिळून एकच तलाव ठेवतात आणि मुलांना बसने तेथे नेतात. श्रीमंत देशालाही शाळेमागे एक तलाव जड जातो, ही गोष्ट आपण लक्षात घेतली पाहिजे.

दुसरे उदाहरण बांगलादेशाचे. तो आपल्यासारखाच शेतकऱ्यांचा देश, पण तेथे घरोघरी तळी. तेथे सिमेंटचा तलाव न बांधता गावच्याच तळ्यात बांबूचा मांडव उतरवला. खाली बांबूचा तळ, चारी बाजूंना बांबूचे कठडे, म्हणजे मूल खोल पाण्यात जाणारच नाही. गावातल्याच तरुण स्त्री-पुरुषांना शिकवून शिक्षक केले. ४ ते १२ वर्षांच्या मुलांना तीन गोष्टी यायला हव्यात असे ठरवले. २५ मीटर पोहणे, ३० सेकंद तरंगणे, आणि स्वतः पाण्यात न उतरता दुसऱ्याला काठी किंवा दोर देऊन वाचवणे. पुढे अभ्यास करून पाहिले, तेव्हा शिकलेल्या मुलांत बुडून मरण्याचे प्रमाण न शिकलेल्यांपेक्षा ९० टक्क्यांहून अधिक कमी आढळले.

आपल्या महाराष्ट्रातही मोठ्या शहरांत महानगरपालिकांचे तलाव आहेत. मुंबईला शिवाजी पार्कजवळ महात्मा गांधींच्या नावाचा तलाव आहे, नाशिकला स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या नावाचा आहे. खेड्यातल्या माणसाला पोहणे काय करायचे, असे कोणी म्हणाले तर त्याला मुरलीकांत पेटकरांचे नाव सांगा. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे हे सैनिक. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि पाय निकामी झाले. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले, आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

५. हिशोब करून पाहू

आता पाट्या-पेन्सिली काढा. स्पर्धेसाठी लागणारा मोठा तलाव ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल असतो.

५० × २५ × २ = २,५०० घनमीटर. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. म्हणजे २५ लाख लिटर पाणी. हे आपले काम नव्हे.

आपल्याला पदके मिळवायची नाहीत, जीव वाचवायला शिकायचे आहे. त्यासाठी १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर खोल हौद पुरतो. चौथी-पाचवीच्या मुलाच्या कमरेच्या वर आणि खांद्याच्या बरेच खाली पाणी राहील.

१० × ५ × ०.९ = ४५ घनमीटर, म्हणजे ४५,००० लिटर. मोठ्या तलावाच्या पाण्यात असे पंचावन्न हौद भरतील.

पण ४५,००० लिटर हेही थोडे नाही. नळयोजनेत दर माणशी दर दिवशी ५५ लिटर पाणी धरतात. ४५,००० ला ५५ ने भागा. उत्तर ८१८ येईल. एवढ्या माणसांचे एका दिवसाचे पाणी आपण हौदात ओतणार. शिवाय कडक उन्हात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी वाफ होऊन उडाले असे धरले, तर रोज ५०० लिटर भर घालावी लागेल. ज्या घरात आई रात्री जागून नळाची वाट पाहते, त्या घरासमोर हा हिशोब मांडताना जीभ अडखळते. म्हणून पुढचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

६. पाणी कुठले घ्यायचे?

आपल्या तालुक्याचा पूर्णेकडचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. तिथल्या विहिरींचे, बोअरचे पाणी खारे. ते पिऊन माणसे आजारी पडतात, पिकालाही ते मानवत नाही. म्हणूनच पिण्याचे गोडे पाणी वान धरणाकडून आणावे लागते. त्या गोड्या पाण्याचा एक थेंबही हौदाला लावायचा नाही, हा पहिला नियम.

पण मुलांनो, खारे पाणी पिता येत नसले तरी त्यात पोहता येते! समुद्राचे पाणी तर आपल्या विहिरीपेक्षा कितीतरी पट खारट असते आणि त्यात माणसे पोहतात. गावाने टाकून दिलेली, पडून राहिलेली खाऱ्या पाण्याची विहीर हौदाच्या उपयोगी येईल. अर्थात आधी ते पाणी प्रयोगशाळेत तपासून घेतले पाहिजे. लोखंडी पाइप गंजतात, म्हणून प्लास्टिकचे वापरावे लागतील. पोहून झाल्यावर प्रत्येकाने तांब्या-दोन तांबे चांगले पाणी अंगावर घ्यावे. आणि हौद रिकामा करताना ते पाणी कोणाच्या शेतात सोडायचे नाही, जमीन खराब होईल. पावसाळ्यात नाला वाहता असताना त्यात सोडावे, तेही औषधाचा अंश उतरल्यावर.

औषध म्हणजे ब्लीचिंग पावडर. पाणी साठून राहिले की त्यात रोगजंतू वाढतात. पोहण्याच्या पाण्यात लिटरला साधारण २ मिलिग्रॅम क्लोरीन हवे असे धरू. ४५,००० लिटरला ९० ग्रॅम क्लोरीन लागेल. पावडरीत क्लोरीन तिसऱ्या हिश्शाच्या आसपासच असते, म्हणून पावडर सुमारे ३०० ग्रॅम लागेल. ऊन आणि घाण यांनी क्लोरीन संपते, म्हणून रोज तपासावे लागते. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक पिण्याच्या पाण्याची ओटी टेस्ट करतात हे तुम्ही पाहिले आहे. तशीच तपासणी येथे करायची. गाळण्यासाठी वाळूची गाळणी आणि लहान पंपही लागेल. त्याशिवाय पाणी आठवड्यात हिरवे होईल.

७. कोणी काय करायचे?

एकट्या शाळेला हे जमणार नाही. शाळेजवळ मुले आहेत, वेळापत्रक आहे, हजेरीपट आहे, पण विहीर नाही, वीज नाही, चौकीदार नाही. एकट्या ग्रामपंचायतीलाही जमणार नाही. तिच्याजवळ जागा, विहीर, निधी आहे, पण रोज शिस्तीने मुले आणून शिकवणारे कोणी नाही. बांधलेला हौद नुसता पडून राहिला तर तो उपयोगाचा नाही, उलट धोक्याचा होईल.

म्हणून कामाची वाटणी अशी करावी असे मला वाटते. जागा, विहीर, वीज आणि देखरेखीचा माणूस ग्रामपंचायतीने द्यावा. संग्रामपूरला नगरपंचायत आहे, तेथे तिने. नकाशा आणि अंदाजपत्रक पंचायत समितीच्या अभियंत्याकडून करून घ्यावे. शिकवणाऱ्यांची तयारी जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या मदतीने व्हावी. त्यांत बायाही असाव्यात, म्हणजे मुलींचे घरचे मोकळ्या मनाने पाठवतील. पाण्याची आणि मुलांच्या तब्येतीची पाहणी प्राथमिक आरोग्य केंद्राने करावी. शाळेने यादी, वेळ आणि नोंदवही सांभाळावी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालकच असतात. त्यांनी पाळीपाळीने काठावर उभे राहावे.

आता शाळांचा हिशोब पाहा. एका वेळी १० मुले, अर्धा तास. सकाळी चार तुकड्या, म्हणजे ४० मुले. एका शाळेच्या ४० मुलांना पंधरा दिवस. सहा शाळांना सहा पंधरवडे, म्हणजे तीन महिने. पावसाळ्यानंतर विहिरींना पाणी असते तेव्हा ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि थंडी ओसरल्यावर फेब्रुवारी असे महिने घेता येतील. उन्हाळ्यात हौद कोरडा. म्हणजे एका केंद्रातल्या सहा शाळांना मिळून एक हौद पुरतो आणि वर्षाला २४० मुले शिकून निघतात. एका गावाला जड जाणारा खर्च सहा गावांत वाटला जातो.

भोवती उंच कुंपण, फाटकाला कुलूप आणि काठावर दोर व बांबू या तीन गोष्टी नसतील तर हौदात पाणी भरूच नये.

आपल्या जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी सुरू झाल्या. तेव्हापासून गावची शाळा आणि गावचा कारभार हे एकाच घरातले दोन भाऊ आहेत. शाळेची खोली, कुंपण, नळ हे सारे दोघांनी मिळूनच झाले. हौदही तसाच होऊ शकतो. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरते. तेथे कोणीही मतदार उभा राहून हा विषय मांडू शकतो. तुम्ही मतदार नाही, पण मतदार तुमच्याच घरी जेवायला बसतात!

८. तोपर्यंत

हौद उद्याच होणार नाही. तोपर्यंत एवढे पाठ करा.

एकट्याने पाण्यात उतरू नये. डोह, बंधारा, शेततळे येथे मोठे माणूस सोबत असल्याशिवाय जाऊ नये.

कोणी बुडताना दिसला तर आपण उडी मारू नये. बुडणारा घट्ट मिठी मारतो आणि दोघेही जातात. आधी ओरडून माणसे बोलवा. काठी, बांबू, दोर, साडी, ओढणी जे हाती येईल ते पुढे करा. रिकामा, बंद झाकणाचा डबा किंवा कॅन फेका. स्वतः आडवे पडून द्या, म्हणजे आपण ओढले जाणार नाही.

बाहेर काढलेल्याला उलटे टांगणे, पोट दाबणे, गरगर फिरवणे हे जुने उपाय करू नयेत. त्यात वेळ जातो. श्वास चालत नसेल तर ज्याला येते त्याने ताबडतोब तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.

माझ्या सोबत्याजवळ त्या दिवशी एक काठी पोहोचली असती तर तो आज आजोबा झाला असता. ती काठी आमच्या पायाशीच होती. कमी होते ते एवढेच, की आम्हाला कोणी शिकवले नव्हते.

मागच्या रांगेतल्या माझ्या विद्यार्थ्याला त्याच्या प्रश्नाचे उत्तर देतो. बाळा, शाळेत पोहणे शिकवत नाहीत, कारण आम्ही मोठ्यांनी ते अजून मागितलेच नाही. आता मागू. आणि हौद झाला की मोठ्यांच्या तुकडीत पहिले नाव माझे लिहा. आजीची शपथ मी इतकी वर्षे पाळली, आता ती मोडली तर आजी रागावणार नाही.

स्वाध्याय

१. तुमच्या गावात पाणी साठण्याच्या किती जागा आहेत? विहीर, डोह, शेततळे, बंधारा यांची यादी करा. कोणत्या जागेला कुंपण आहे, कोणत्या नाही ते लिहा.
२. १२ मीटर लांब, ५ मीटर रुंद व ८० सेंटिमीटर खोल हौदात किती लिटर पाणी मावेल?
३. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. त्यांना पोहता येते का? कोणी आणि कुठे शिकवले? आजी-आईलाही विचारायला विसरू नका.
४. घरात असलेल्या कोणकोणत्या वस्तू पाण्यावर तरंगतात? बादलीत टाकून पाहा व तक्ता करा.
५. ग्रामसभेत मांडण्यासाठी पाच ओळींचा अर्ज लिहा. चांगले अर्ज पुढच्या भित्तिपत्रकात लावू आणि सरपंचांना वाचायला बोलावू.